कमी गुण देणारा आधी बोलतो

चष्म्याच्या दुकानामागे एक खोली होती. आठवडाभर तिथे भिंगांच्या कडा घासल्या जायच्या, आणि रविवारी दुपारी चार माणसं जमून दुसऱ्यांच्या गाण्याची सालटी काढायची. चौघांपैकी एकालाही दोन ओळी सुरात म्हणता येत नव्हत्या, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. तानसेन होणं काही आपल्या हातात नसतं, कानसेन होणं असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते स्वतःला कानसेन म्हणवून घ्यायचे, आणि तेही न हसता.

पुढारी होते दातांचे डॉक्टर. सहा दिवस लोकांची तोंडं उघडी ठेवायची आणि त्यांना बोलू मात्र द्यायचं नाही, ही सवय त्यांनी रविवारीही सोडली नव्हती. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर. यांना गाण्यापेक्षा रेकॉर्डचं साल, स्टुडिओ आणि वादकांची नावं जास्त प्रिय. तिसरा वायरमन, सभागृहांत माईक जोडणारा. गाणारी माणसं घाम पुसताना जवळून पाहिलेला तेवढा एकच. आणि चौथा दुकानाचा मालक, चष्मेवाला. पंचेचाळिशीचा, अर्धं टक्कल पडलेला, अक्षर मोत्यासारखं. कान असा पक्का की नुसत्या खोकल्यावरून गवई ओळखतो, असं तो स्वतःच सांगायचा.

यांची एक रीत होती. रेकॉर्ड लावायची ती टॉवेल टाकून. प्लेअरवर टॉवेल, कव्हर खणात. कोण गातंय ते फक्त लावणाऱ्याला माहीत. बाजू संपली की ज्याने त्याने चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीमागे दहापैकी गुण लिहायचे, घडी घालायची, आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी त्याने आधी बोलायचं. का, तर स्तुती कुणीही करतं, दोष दिसायला कान लागतो. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण आधी बोलणारा तासभर बोलायचा, तोवर चहा यायचा, आणि इतरांची पाळी चहात बुडायची. म्हणजे बोलायचं असेल तर गुण कमी द्यायला हवेत, हे चौघांनाही पहिल्या महिन्यातच कळलं होतं. वायरमन बिचारा वाटेल तेवढे गुण द्यायचा, म्हणून इतक्या वर्षांत त्याला धड दहा वाक्यंही बोलायला मिळाली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी या खोलीत टपालाने एक पाकीट आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत एक रेकॉर्ड, ‘मधली खोली’. गायिकेचंही नाव नाही. वायरमनने टॉवेल टाकून ती लावली. कुणी बाई अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ कानाशी गात होती. चष्मेवाल्याच्या हातावर काटा आला. त्याने चिठ्ठीवर नऊ लिहिले. मग सहज वर पाहिलं तर डॉक्टर ओठ मुडपून हसत होते. हे तीन देणार, त्याने ओळखलं. त्याने चिठ्ठी चुरगाळून खिशात घातली, दुसरी घेतली आणि दोन लिहिले. आणि मग तो तासभर असा काही बोलला की डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. “हे छापून यायला हवं,” ते म्हणाले. चष्मेवाल्याने तिथेच बसून मासिकाला पत्र लिहिलं, खाली ‘एक कानसेन’ अशी सही केली, आणि पुढच्या महिन्यात ते छापून आलं. मंडळाच्या नावावर छापील असं तेवढंच. त्याने ते कापून, काच बसवून भिंतीवर लावलं.

आता पुढचं ऐका. त्यानंतर तीन वर्षांनी त्याच्या थोरल्या बहिणीने घर बदललं. ताई बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला, पुस्तकांचे फर्मे शिवायची, पुठ्ठे चढवायची. एकटी राहायची. सामान हलवायला चष्मेवाला गेला, आणि पलंगाखालचा खोका ओढताना त्याचं झाकण निघालं. आत ‘मधली खोली’च्या दीड-दोनशे प्रती. कव्हरला कापडी कणा, आणि कण्याला ताईच्या हातचा दोऱ्याचा टाका. तोच टाका त्याच्या दुकानातल्या प्रत्येक वहीला होता. खोकल्यावरून गवई ओळखणाऱ्या माणसाला सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखता आला नव्हता, आणि टाकाही नाही. “जुनं आहे, राहू दे,” ताई म्हणाली. त्याने झाकण लावलं. पत्राखाली आपलं नाव नाही, एवढाच त्याला दिलासा. मग सहा वर्षं दोघांनी तो विषय काढला नाही.

आणि या शनिवारी ताई भर दुपारी दुकानात आली. नखांत खळ तशीच.

“छोट्या, गिऱ्हाईक नाही ना?”

“नाही. बस. नंबर वाढला का गं?”

“नंबरचं नंतर बघू.” तिने पिशवीतून मासिक काढून काउंटरवर उघडलं. दशकातले शंभर सर्वोत्तम अल्बम. तिचं बोट चौदाव्या क्रमांकावर होतं. “हे माझं आहे.”

“काय सांगतेस,” चष्मेवाला म्हणाला, आणि ते इतकं बेसूर निघालं की त्याचं त्यालाच कळलं.

ताईने ते कानाआड केलं. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाने संपादकाला तिचं नाव कळवलं होतं. काल फोन आला. पहिल्या वीस जणांनी पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहात गायचं. हो की नाही ते सोमवारी सकाळपर्यंत सांगायचं.

“मग जा की. विचारतेस काय त्यात?”

“नऊ वर्षांत गायले नाहीये रे मी. आंघोळीतसुद्धा नाही.” तिने मासिकाचा दुमडलेला कोपरा नखाने सरळ केला. “आणि तू भाऊ म्हणून सांगू नकोस. उद्या तुमच्या त्या टॉवेलखाली लाव. मी कोपऱ्यात बसेन. कुणाला सांगायचं नाही. तू चिठ्ठीवर जे लिहिशील ते मी खरं धरेन. चांगलं असेल तर जाते. नसेल तर माझं काय अडलंय, चाललंय ते बरं चाललंय.”

ती गेल्यावर चष्मेवाल्याने आधी काय केलं असेल, तर मागे जाऊन भिंतीवरचं पत्र उतरवलं आणि ते भिंगांच्या खणात, तळाशी घातलं. मग दुकानातल्या आरशासमोर उभा राहिला. चष्म्याच्या दुकानात आरशांना काय तोटा. ‘नऊ,’ तो म्हणाला. ‘माझे नऊ. कारण सांगतो.’ चार वेळा म्हटल्यावर जमलं. उद्या नऊ द्यायचे. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणोत. सहा वर्षांचं ओझं एका चिठ्ठीवर उतरत असेल तर माणसाला आणखी काय हवं.

रविवारी ताई ठरल्या वेळी आली. “माझी थोरली बहीण,” चष्मेवाल्याने सांगितलं. “नंबर काढायला आली होती, म्हटलं बस घटकाभर.”

“बसा बसा,” डॉक्टर म्हणाले. “एखादा साधा श्रोता असलेला बरा. आम्हाला आमचीच सवय झालीये.” मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. रंग उडालेल्या भिंतीवर एक चौकोन तेवढा नवा दिसत होता. “आणि आपलं पत्र कुठं गेलं?”

“काच तडकली. बदलायला काढलीये.”

“तुमच्याकडे काचेला वेळ लागतो म्हणजे कमाल आहे. आज तर ते हवं होतं. हे वाचलंत का?” डॉक्टरांनी मासिक उघडलं. त्यांचा चेहरा लालबुंद होता. आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “‘चौदा. मधली खोली. नाव न छापणाऱ्या एका बाईने गायलेल्या सात गाण्यांचा हा अल्बम नऊ वर्षं कुणी ऐकला नाही, याचं पाप थोडं आमच्याही माथी आहे. एका वाचकाने त्याला दोन गुण देणारं पत्र पाठवलं, आणि ते चटकदार होतं म्हणून आम्ही छापलं. आज त्याची लाज वाटते.’ लाज. ऐकलंत? आपली लाज वाटते यांना.”

“सत्तावीस नंबरला त्या बासरीवाल्याचं दुसरं रेकॉर्डिंग घेतलंय,” पोस्टमास्तर म्हणाले. “पहिलं सोडून दुसरं. त्यावरूनच कळतं.”

“सत्तावीस राहू द्या हो. इथे तोंडावर थुंकलेत आपल्या. याला उत्तर द्यावं लागेल.”

“मला तेव्हाही बरी वाटली होती ती रेकॉर्ड,” वायरमन म्हणाला.

“तुला चालू बल्बसुद्धा बरा वाटतो,” डॉक्टर म्हणाले. पोस्टमास्तर खूप हसले. ताईही किंचित हसली. हे चष्मेवाल्याने पाहिलं.

“तीच लावू या,” तो म्हणाला. “परत एकदा. रीतीप्रमाणे.”

“माहीत असलेल्या रेकॉर्डला टॉवेल कशाला?”

“रीत म्हणजे रीत,” पोस्टमास्तर म्हणाले. टॉवेल पडला.

आणि बाई गाऊ लागली. कसला मोठा आलाप नाही, तान नाही. भांडी लावून झाल्यावर, घरात सगळे निजल्यावर एखादी आपल्यापुरतं म्हणते तसं. मधेच ती थांबायची, श्वास ऐकू यायचा, आणि पुढची ओळ जिथे येईल असं वाटायचं तिथे न येता थोडी मागाहून, अलगद यायची. चष्मेवाल्याच्या हातावर पुन्हा काटा आला. त्याने ताईकडे पाहिलं नाही. ताई मांडीवर हात ठेवून खाली बघत बसली होती, डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसतात ना माणसं, तशी. बाजू संपली. सुई शेवटच्या चरीत खरखरत राहिली, तेव्हा वायरमनने उठून ती उचलली.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. “ताईंनाही द्या एक,” डॉक्टर म्हणाले. “पाहुण्यांचा मान.”

चष्मेवाल्याने पेन टेकवलं. नऊ. नुसता एक आकडा, लिहायला वेळ तो किती लागतो? पण नऊ वाचल्यावर डॉक्टर काय म्हणतील ते त्याला लख्ख ऐकू आलं. ‘अहो चष्मेवाले, दोन देणारे तुम्हीच ना? पत्र लिहिणारे तुम्हीच. मग तेव्हा खोटं बोललात की आज?’ सगळ्यांसमोर म्हणतील, आणि ताईसमोर म्हणतील. ताईला कळेल पत्र कुणाचं. बरं, दोन तर आता हाताने लिहवणार नव्हते. माणूस मेल्या मनाचा असला तरी इतका नसतो. मग त्याने काय करावं? त्याने पाच लिहिले. पाचाला कुणी जाब विचारत नाही. पाच म्हणजे मी इथे नव्हतोच.

डॉक्टरांनी चिठ्ठ्या उघडल्या. “हे माझे तीन. पोस्टमास्तर, चार. वायरमन सात, घ्या. चष्मेवाले…” ते थांबले. “पाच? काय हो, साखर झाली की काय तुम्हाला?”

चष्मेवाल्याला कान गरम झालेले जाणवले. ताईने मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती, रागाने नव्हे. लहानपणी तो शाळेतून निकाल घेऊन यायचा आणि प्रगतिपुस्तक पाठीमागे धरायचा, तेव्हा बघायची तसं.

“आणि पाहुण्यांचे,” डॉक्टरांनी शेवटची घडी उलगडली, “दोन. वा. वा, ताई. म्हणजे रक्तातच आहे तर. नेम म्हणजे नेम, कमी गुण देणारा आधी बोलतो. बोला.”

ताई उभी राहिली नाही. बसल्या जागी, सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलली.

“ही बाई गात नाही. गॅसवर दूध ठेवून कुणाची तरी वाट बघत गुणगुणते. घरोघरी बायका असं गुणगुणतात, पण त्याची रेकॉर्ड काढत नाहीत, दूध उतू जाणार नाही तेवढं बघतात. हिने दूधही घालवलं आणि गाणंही. गुण दोन. एक ती गप्प बसते त्या जागांना. आणि एक रेकॉर्ड अखेर संपते, त्याला.”

मग डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली, नऊ वर्षांपूर्वी मारली होती तशीच. “अहो, हे तर चष्मेवाल्यांचं पत्र. अक्षर न् अक्षर. बघा, चष्मेवाले, घरातच पाठ करून ठेवलंय तुमचं पत्र, आणि तुम्ही पाच काय देत बसलात.”

“त्याचंच आहे, माहीत आहे मला,” ताई म्हणाली. “पाकीट मीच टाकलं होतं पोस्टात. तुमची टॉवेलची रीत यानेच घरी सांगितली होती. म्हटलं, भाऊ असून भाऊ म्हणून ऐकणार नाही, तर याहून बरं काय.”

पोस्टमास्तरांनी हातातला चहाचा कप कुठे ठेवावा ते न कळून पुन्हा हातातच धरला. वायरमन टॉवेलकडे बघत बसला. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे ही तुम्ही?”

“नाव नव्हतं खाली,” चष्मेवाला म्हणाला.

“दूध होतं ना. आई कामाला गेली की दूध कोण बघायचं? मी बघायचे, गुणगुणायचे, आणि तू ओट्याला टेकून ऐकायचास. एकदा उतू गेलं तर मार मी खाल्ला. आणखी कुणाला सुचणार ते? मला वाटलं, याने मला ओळखलं. ओळखून लिहिलंय, आणि तरी दोन.”

“नाही गं. शपथ. ओळखलं नव्हतं मी.” हे खरं होतं, आणि ते मदतीला येईल असं त्याला क्षणभर वाटलंही. “दूध कुठून सुचलं ते माझं मलाच कळलं नाही.”

“बरं. नसेल ओळखलंस. ते तर अधिकच चांगलं, ना? म्हणजे अगदी परक्यासारखं ऐकलंस. मला हवं होतं तसंच.” ताईने पिशवी मांडीवर घेतली. “एकच सांग. त्या दिवशी दोनच वाटले होते?”

या माणसाने आयुष्यात खरं बोलायला नेमकी हीच घडी निवडावी, याला काय म्हणायचं? एक साधं ‘हो’ म्हटलं असतं तर ताई उठून गेली असती आणि जगत होती तशीच जगत राहिली असती. पण त्याला वाटलं, आता तरी खरं सांगून टाकावं, म्हणजे सुटलो. खऱ्याला वेळ असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “नऊ वाटले होते. लिहिलेही होते नऊ. पण डॉक्टर तीन देणार हे दिसत होतं. म्हणून मग… ते आधी बोलले असते ना.”

“ते आधी बोलले असते,” ताई म्हणाली.

“हो.”

“म्हणजे चांगलं होतं ते.”

“फार चांगलं होतं, ताई. आजही आहे. तू जा. तू गा. मी पुढच्या रांगेत बसतो.”

ताई पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले होते.

“दोनच वाटले असते तर बरं झालं असतं रे, छोट्या,” ती म्हणाली. “नऊ वर्षं मी म्हणत होते, दोनचीच आहे आपली लायकी, कशाला उगीच गायचं. त्याची सवय झाली होती. आता हे नऊ घेऊन कुठं जाऊ?”

ती उठली. बाहेर दुकानात तिने काउंटरवरचा फोन उचलल्याचं आतल्यांना ऐकू आलं. कानसेनच ते, दाराआडचंही ऐकू येणारच. “मी येत नाहीये,” ती म्हणत होती. “नाही, तब्येत ठीक आहे. नाही हो, तसं काही नाही. दुसऱ्या कुणाला घ्या.” मग रिसीव्हर ठेवला, आणि दुकानाचं दार उघडून पुन्हा लागलं.

वायरमन उठला. त्याने टॉवेल काढला, रेकॉर्ड कव्हरात घातली, कव्हर काखेत मारलं आणि कुणाशी न बोलता निघून गेला. तो त्यानंतर कधी आला नाही.

डॉक्टरांनी घसा साफ केला. “वाईट झालं,” ते म्हणाले. “भावनेच्या भरात बोलल्या त्या. पण पत्राचा मुद्दा राहतोच. उलट आता भक्कम झाला. स्वतः गायिकाच दोन देते म्हटल्यावर मासिकाची लाज राहिली कुठे? काय, पोस्टमास्तर?”

“मुद्दा बरोबर आहे,” पोस्टमास्तर म्हणाले. “फक्त तारीख घाला. साल घाला.”

दोघेही चष्मेवाल्याकडे बघू लागले. भिंगांचा खण उघडून तो पत्रावरची काच बघत होता. तडा कुठेच नव्हता, काच शाबूत होती.

“माझं अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे, औषधाच्या चिठ्ठीसारखं,” डॉक्टर म्हणाले. “आणि पोस्टमास्तरांचा हात कापतो.”

चष्मेवाल्याने खण लावला. मग त्याने चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “सुरुवात काय करायची?”